साडेपांचशें मैलांचें दान

दान घरीं बसून देतां येतें. मग त्यासाठीं सात दिवस घाम गाळीत सायकल कां हांकावी, असा प्रश्न व्यवहारी माणसास पडणें साहजिक आहे. या हाताचें त्या हातास कळूं नये, अशा दानास आपल्याकडे मोठें पुण्य मानतात. असें असतांना अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत १९९४ पासून २०२५ पर्यंत, करोनाच्या सांथीचीं दोन वर्षें सोडून, दर उन्हाळ्याच्या तोंडाशीं प्रथम शेंकडों व पुढें हजारों माणसें सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजिलिसपर्यंतचे सुमारें ५४५ मैल सायकलीनें जात राहिलीं, आणि एका रोगानें गांजलेल्यांसाठीं उघडउघड, गाजावाजा करून पैसा जमवीत राहिलीं. जून २०२५ मध्यें ही यात्रा शेवटची निघाली. चालू असलेल्या गोष्टीची एक तर स्तुति होते किंवा निंदा. संपलेल्या गोष्टीचा मात्र हिशेब मांडतां येतो. तो मांडण्याचा आमचा येथें विचार आहे. त्यांत पैशाचें खातें तर येईलच. पण आमच्या मतें तें एकच खातें पाहून या यात्रेचें मोल ठरणार नाहीं.

अंग झिजवून निधि जमविण्याची ही रीत आजच्या रूपांत फार जुनी नाहीं. १९८० सालीं टेरी फॉक्स नांवाचा एकवीस वर्षांचा कॅनडियन तरुण, कर्करोगानें उजवा पाय गमावल्यावर, कृत्रिम पायानें धांवत आपला देश ओलांडावयास निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर कापल्यावर रोगानें फुप्फुसें गांठलीं व त्याला थांबावें लागलें. पुढल्याच वर्षीं तो वारला. त्याच १९८० सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांत बिली स्टार या तरुणानें, आई कर्करोगानें गेली त्या दुःखांतून, ३६ सायकलस्वार जमवून स्प्रिंगफील्डहून केप कॉडच्या टोंकावरील प्रॉव्हिन्सटाऊन या किनाऱ्यावरच्या गांवापर्यंत फेरी काढली. जमले अवघे १०,२०० डॉलर. ती फेरी पुढें दरसाल निघत गेली आणि तिनें जमविलेल्या एकूण रकमेनें एक अब्ज डॉलरांचा आंकडा ओलांडला आहे. तिसरें उदाहरण आमच्या विषयास अधिक जवळचें. १९८३ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील डॅन पॅलोटा या विद्यार्थ्यानें सुमारें चाळीस सहाध्यायांसह सिएटलपासून बॉस्टनपर्यंत ४,२५६ मैल सायकली हांकून भुकेलेल्यांसाठीं सुमारें ऐंशी हजार डॉलर मिळविले. कॅलिफोर्नियाच्या यात्रेची कल्पना पुढें याच माणसानें काढली.

या रीतीचें मर्म साधें आहे. वर्गणीचें पत्रक आलें तर माणूस तें बाजूला सारतो. पण ओळखीचा मनुष्य दारीं येऊन ‘मी इतके मैल जाणार आहे, माझ्या नांवें कांहीं द्या’ असें म्हणूं लागला, कीं नकार देणें जड जातें. मागणारा स्वतः कांहीं सोसावयास तयार असतो. त्यामुळें त्याच्या मागण्यांत याचना उरत नाहीं. आपल्याकडील नवसांत देव आणि भक्त एवढे दोघेच असतात. येथें नवस बोलणारा शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यांत ओढतो, एवढाच काय तो फरक.

आतां ज्या रोगासाठीं हें सारें झालें त्याकडे वळूं. ५ जून १९८१ रोजीं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रांत लॉस एंजिलिसमधील पांच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची हकीकत छापून आली. पांचही समलिंगी पुरुष होते. एड्स या नांवानें पुढें जगास ठाऊक झालेल्या रोगाची ती पहिली छापील नोंद होय. १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्याचा विषाणु सांपडला. त्याच वर्षीं सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयांत केवळ या रोग्यांसाठीं निराळा कक्ष उघडला. पहिलें औषध मिळावयास १९८७ साल उजाडलें, आणि अमेरिकेच्या अध्यक्षांनीं या विषयावर पहिलें मोठें भाषण केलें तेंही त्याच वर्षीं, म्हणजे हजारों माणसें मेल्यावर. मधल्या काळांत रोग्यास घरमालक घराबाहेर काढीत, नातेवाईक शेवटच्या भेटीस येत नसत. प्रेत सांवरावयासही कोणी धजेना, असे प्रसंग ओढवले. आपल्या देशांतही १९८६ सालीं पहिले रुग्ण सांपडल्यावर हाच प्रकार घडला, हें वाचकांस सांगावयास नकोच. १९९४ पर्यंत अमेरिकेंत २५ ते ४४ या ऐन उमेदीच्या वयांतील मृत्यूंचें पहिलें कारण एड्स हें झालें होतें. अशा वेळीं मे १९९४ मध्यें ४७८ सायकलस्वार सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिणेकडे निघाले. सात दिवसांनीं ते लॉस एंजिलिसला पोंचले तेव्हां तेथील समलिंगी समाजाच्या सेवाकेंद्रासाठीं दहा लक्षांहून अधिक डॉलर जमले होते.

या स्वारांत सराईत सायकलपटु थोडे होते. पुष्कळांनीं लहानपणानंतर प्रथमच सायकलीवर टांग टाकली होती. प्रत्येकानें ठराविक रक्कम जमविल्याशिवाय त्यास निघतां येत नसे. ही रक्कम आरंभीं अडीच हजार डॉलरांच्या आसपास होती, पुढें ती तीन हजार व त्याहून वर गेली. प्रस्थानाच्या पहांटे स्वार नसलेली एक सायकल हातांनीं चालवीत सर्वांपुढें आणीत. जे निघूं शकले नाहींत, ज्यांच्यासाठीं निघावयाचें, त्यांची ती जागा. आणि ज्यांच्या स्वतःच्या रक्तांत विषाणु होता असे स्वारही या मेळ्यांत असत. त्यांनीं आपला एक संघ केला आणि सायकलीच्या मागें नारिंगी निशाण लावण्याचा प्रघात पाडला. ज्या काळांत रोगाचें नांव उच्चारल्यास नोकरी जाई, त्या काळांत भर रस्त्यावर तें निशाण मिरवणें म्हणजे काय, याचा विचार वाचकांनींच करावा.

मार्ग वर्षानुवर्षें थोडाफार बदलला. तरी त्याचा मुख्य आंखा कायम राहिला. पुढें पुढें यात्रा निघे ती सॅन फ्रान्सिस्कोच्या वेशीवरील, गुराढोरांच्या प्रदर्शनासाठीं बांधलेल्या काऊ पॅलेस नांवाच्या मंडपांतून. पहिला दिवस समुद्राच्या कांठानें सांताक्रूझपर्यंत. उजवीकडे प्रशांत महासागर, डावीकडे डोंगर. सकाळीं दाट धुकें. दुसऱ्या दिवशीं वाटसॉनव्हिलचीं स्ट्रॉबेरीचीं शेतें लागतात. महाबळेश्वर-पांचगणीकडील वाचकांस तीं ओळखीचीं वाटतील, मात्र येथें तीं डोळा पोंचेल तेथपर्यंत पसरलेलीं आहेत. मग आर्टिचोक या कांटेरी भाजीसाठीं प्रसिद्ध असलेलें कॅस्ट्रोव्हिल, आणि पुढें सॅलिनास नदीचें लांबच लांब खोरें. येथून समुद्रकांठचा रस्ता बिग सूरच्या कड्यांवरून अरुंद होऊन जातो व इतक्या मोठ्या मेळ्यास तो सोयीचा नाहीं, म्हणून यात्रा आंत वळे. दुपारीं समुद्रावरून खोऱ्यांत शिरणारा वारा पाठीशीं असला, तर किंग सिटीपर्यंतचा शंभर मैलांहून अधिक लांबीचा तो दिवस निभावून जाई.

या खोऱ्यांतील लेट्यूसच्या वाफ्यांत वांकून काम करणारीं माणसें बहुतेक मेक्सिकोकडून आलेलीं. १९७० सालीं सीझर चावेझच्या पुढारीपणाखालीं याच शेतांत मोठा संप झाला होता. रंगीबेरंगी कपडे घालून जाणारा शहरी लोकांचा तो तांडा आणि मान वर करून क्षणभर पाहणारे ते शेतमजूर, असें दृश्य येथें दरसाल दिसे. एकाचे श्रम हौसेचे, दुसऱ्याचे पोटाचे. हा भेद झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. आठवडाभराचे कष्ट ज्यास पुण्य म्हणून मिरवतां येतात, त्यानें वर्षभर कष्टणाऱ्यांच्या शेजारून जातांना मनांत थोडें ओशाळावें, हें बरेंच.

तिसऱ्या दिवशीं किंग सिटी सोडतांच एक चढ येतो. मांडीच्या स्नायूंचा चुराडा करणारा अशा अर्थाचें नांव स्वारांनीं त्यास दिलें होतें. सशक्त स्वार माथ्यावर पोंचून परत खालीं येत, आणि दमलेल्याच्या पाठीवर हात ठेवून त्यास वर ढकलीत नेत. त्यापुढें ब्रॅडली नांवाचें शंभर-एक वस्तीचें खेडें. येथील छोट्या शाळेंतील मुलें व त्यांचे पालक स्वारांसाठीं दुपारचें जेवण रांधीत आणि मिळालेल्या पैशांतून शाळेच्या सहलींचा व इतर उपक्रमांचा खर्च भागवीत. दानासाठीं निघालेल्यांनीं वाटेंत आणखी एक दान करावें आणि खेड्यानें तें भीक म्हणून न घेतां जेवण रांधून कमवावें, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. ज्या शहरी माणसांविषयीं खेड्यांत नाना समज असत, तीं माणसें येथें पंगतीस बसलीं. तो परिचय भाषणांनीं झाला नसता.

चौथ्या दिवशीं सांता लुसिया डोंगर ओलांडून पुन्हां समुद्र दिसे. खिंडीच्या माथ्यावर अर्धी वाट सरल्याची पाटी असे. तेथें जो तो सायकल डोक्यावर उचलून छायाचित्र काढून घेई. पांचव्या दिवशीं सांता मारियाहून लोम्पोकपर्यंतचा मार्ग आंखूड. त्या दिवशीं सर्वांनीं तांबडे कपडे घालावे, म्हणजे वळणांवळणांनीं जाणारी रांग दुरून एड्सविषयक चळवळीच्या तांबड्या फितीसारखी दिसेल, अशी मूळ योजना होती. न्यूयॉर्कच्या कलावंतांनीं ती फीत १९९१ सालीं प्रचारांत आणली होती. पुढें त्या तांबड्या कपड्यांचे तांबडे झगे झाले, आणि दाढीमिशांचे पुरुष झालरींचे झगे घालून चढ चढूं लागले. आमच्याकडील शिमग्याचें सोंग आठवावें असा हा प्रकार. सोंगाच्या आड दुःख हलकें करावयाचें, ही युक्ति सर्व देशांतील लोकांस ठाऊक आहे. सहाव्या रात्रीं व्हेंचुराच्या वाळवंटावर मात्र सारे मेणबत्त्या घेऊन मुकाट्यानें जमत, व जे गेले त्यांचें स्मरण करून ज्योती समुद्राच्या पाण्यांत विझवीत.

या रस्त्याचा आणखी एक इतिहास आहे. स्पॅनिश पाद्र्यांनीं १७६९ पासून १८२३ पर्यंत सॅन डिएगोपासून सोनोमापर्यंत एकवीस धर्मस्थानें उभारलीं. त्यांस जोडणाऱ्या वाटेस राजमार्ग असें नांव पडलें. सॅन मिगेल, लोम्पोक, व्हेंचुरा हीं यात्रेच्या वाटेवरील ठिकाणें त्याच मालिकेंतील होत. त्या धर्मस्थानांत कोंडल्यासारख्या राहिलेल्या मूळ रहिवाशांत परदेशी रोगांनीं कहर केला. १८०६ सालच्या गोवरानें तर लहान मुलें पटापट मेलीं. त्या मृतांच्या नोंदी पाद्र्यांच्या वह्यांत आहेत, पण त्यांच्यासाठीं या वाटेनें कोणी मेणबत्ती घेऊन चाललें नाहीं. कोणत्या रोग्याचें दुःख समाजास आपलें वाटावें, हें त्या रोग्याच्या मागें कोण उभें राहतें यावर ठरतें. १९९४ च्या स्वारांनीं नेमकें हेंच ओळखलें होतें.

मराठी वाचकांस हें वर्णन वाचतांना पंढरीची वारी आठवल्याशिवाय राहणार नाहीं. पुढें जाणाऱ्या सामानाच्या गाड्या, संध्याकाळीं मैदानांत उभी राहणारी तंबूंची ओळ, चालतें स्वयंपाकघर, पाय चोळणारे स्वयंसेवक, वाटेवरील गांवकऱ्यांनीं पुढें केलेलें पाणी व फळें, हें सारें दोन्हींकडे सारखें. वारींत मागणें विठ्ठलापाशीं. येथें विठ्ठल नाहीं, शेवटीं शहराचा डांबरी रस्ताच. आम्हांस याहून जवळचें उदाहरण बाबा आमटे यांचें वाटतें. १९८५-८६ सालीं त्यांनीं कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत तरुणांना सायकलीवर घेऊन ‘भारत जोडो’ यात्रा काढली. पाठीच्या कण्याच्या विकारामुळें स्वतः त्यांना बसतां येत नसे, म्हणून ते गाडींत पडून बरोबर गेले. ती यात्रा पैशासाठीं नव्हती. परंतु ज्यानें महारोग्यांसाठीं आनंदवन वसविलें, त्याला रोगाहून रोगाची शिसारी अधिक मारते हें कोणी शिकवावयास नको होतें. आणि मनें जोडावयाचीं तर माणसांनीं रस्त्यावर आलें पाहिजे, असें त्यालाही वाटलें.

आतां पैशाचें खातें. पॅलोटाची मंडळी नफ्यासाठीं चालणारी होती. ती मोबदला घेऊन यात्रा भरवी व उरलेली रक्कम सेवासंस्थांच्या हवालीं करी. जाहिराती, तंबू, गाड्या, पगार यांचा खर्च फुगत गेला तसा जमलेल्या रकमेंतील मोठा भाग वाटेंतच जिरतो अशी ओरड झाली. अखेर सॅन फ्रान्सिस्को व लॉस एंजिलिस येथील दोन मुख्य संस्थांनीं आपली निराळी यात्रा काढण्याचें ठरविलें. प्रकरण न्यायालयांत गेलें. तरीही २००२ सालीं ‘एड्स लाइफसायकल’ या नांवानें नवी यात्रा निघाली आणि त्याच वर्षीं पॅलोटाची मंडळी बंद पडली. पॅलोटानें २००८ सालीं पुस्तक लिहून आपली बाजू मांडली: व्यापाऱ्यानें जाहिरातीवर पैसा ओतला तर आपण त्यास हुषार म्हणतों, सेवासंस्थेनें ओतला तर चोर; त्यामुळें सेवेचीं कामें कायमचीं खुरटीं राहतात.

या वादांत आम्ही कोणा एकाच्या बाजूनें उभे राहूं शकत नाहीं. खर्चाशिवाय वाढ नाहीं, हें पॅलोटाचें म्हणणें खरें आहे. तंबूच नसता तर स्वार आले नसते आणि स्वार नसते तर पैसाही नसता. पण रोग्याच्या नांवें दिलेला डॉलर ही विश्वासाची ठेव आहे. तो कोठें गेला हें विचारण्याचा देणाऱ्यास हक्क आहे, आणि ‘तुम्हांला व्यापार कळत नाहीं’ हें त्याचें उत्तर नव्हे. संस्थांनीं यात्रा आपल्या हातीं घेतली हें योग्य झालें. मात्र पॅलोटानें घालून दिलेल्या आराखड्यावांचून त्यांस घेण्यासारखें कांहीं उरलेंच नसतें, हेंही मान्य केलें पाहिजे. १९९४ पासून शेवटपर्यंत दोन्ही यात्रांनीं मिळून तीस कोटींहून अधिक डॉलर जमविले.

दरम्यान रोगाचें रूप पालटलें होतें. १९९६ सालीं तीन औषधें एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढल्या एका वर्षांतच अमेरिकेंतील एड्सच्या मृत्यूंत ४७ टक्क्यांनीं घट झाली. आदल्या सालीं मेणबत्ती धरून निरोप घेणारे स्वार पुढल्या सालीं पुन्हां सायकलीवर दिसूं लागले. परंतु त्या औषधांची किंमत वर्षास दहा हजार डॉलरांहून अधिक. गरीब देशांतील रोग्यांस तीं स्वप्नवत् होतीं. येथें मुंबईचें नांव इतिहासांत येतें. १९३५ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनीं फेब्रुवारी २००१ मध्यें तींच तीन औषधें वर्षास ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसास एका डॉलरहून कमी किंमतींत, परोपकारी वैद्यक संस्थेस देण्याची तयारी दाखविली. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यानें औषधावर नव्हे तर तें बनविण्याच्या कृतीवरच मक्तेदारी दिली होती, म्हणून हें शक्य झालें. कॅलिफोर्नियाच्या रस्त्यावर तीस वर्षांत जमलें त्याहून अधिक जीव त्या एका किंमतपत्रकानें वांचविले असतील, असें कोणी म्हटल्यास आम्ही त्याशीं भांडणार नाहीं. दानानें एकेका रोग्याची शुश्रूषा होते. किंमत उतरते ती कायद्यानें व कारखान्यानें. पण त्या स्वस्त औषधास गिऱ्हाईक मिळावयाचें तर रोग्यानें आधीं आपला रोग उघड करण्यास धजलें पाहिजे. आणि तें धैर्य नारिंगी निशाणासारख्या गोष्टींतून येतें, किंमतपत्रकांतून नव्हे.

२०२० व २०२१ सालीं करोनामुळें यात्रा निघाली नाहीं. त्यानंतर खर्च चढला, स्वार घटले, आणि चालकांनीं २०२५ ची यात्रा शेवटची असेल असें आगाऊ जाहीर केलें. संस्था बंद पडली कीं आपण हळहळतों. येथें हळहळीचें कारण अर्धेंच आहे. लोक मरणाच्या भयानें ज्या रस्त्यावर आले होते, तें भय ओसरल्यावर रस्ता ओस पडावा, यांत कांहीं वावगें नाहीं. उरलेल्या अर्ध्याचें कारण मात्र खरें आहे: रोग संपला नाहीं, आणि औषध असूनही तें ज्यांस मिळत नाहीं अशीं माणसें गरिबांतच अधिक आहेत. त्यांच्यासाठीं कोण निघणार, हा प्रश्न शिल्लक राहिला.

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आमच्या परीनें असें आहे. गुप्तदानानें देणाऱ्याचा अहंकार झडतो. म्हणून तें थोर. पण ज्या दुःखास समाजानें स्वतःच गुप्त करून ठेवलें असेल, त्यासाठीं केलेलें गुप्तदान त्या दुःखावर आणखी एक पडदा टाकतें. अशा वेळीं देणाऱ्यानें दिवसाढवळ्या, चारचौघांत, गांवोगांव फिरून द्यावें लागतें. ब्रॅडलीच्या शाळेंतील मुलांनीं ज्या पाहुण्यांना वाढलें त्यांत रोगी कोण व निरोगी कोण, हें निशाण पाहिल्याशिवाय ओळखूं येत नव्हतें. आणि निशाण पाहिल्यावरही मुलांनीं ताट मागें घेतलें नाहीं.